हौशाचा पाय

१७ ऑगस्ट १९८९, गुरुवार

दवाखान्याचं कुलूप उघडलं नाही तोच ताईबाई धावत आली. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन आठ वर्षं झाली, चार एकर वावर एकटी कसते. गावातले सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. धापा टाकतच ओरडली, "डागदर भाऊ, चाल! मना हौशा सापळामा अटकना!"

मी काही डॉक्टर नाही, ढोरांच्या दवाखान्यातला पर्यवेक्षक आहे, हे या गावाला दहा महिने सांगून थकलो. पिशवी उचलली आणि पळालो.

अक्काच्या आणि हिलालभाऊच्या वावरांमधल्या बांधापाशी तिचा बैल हौशा उभा होता. पुढचा उजवा पाय दातेरी सापळ्यात. रानडुकरांसाठी लावतात तो, ट्रकच्या कमानपाट्यांचा. बैल ओरडत नाही हो! ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसता उभा होता आणि अंगावरची कातडी थरथरत होती.

हिलालभाऊ आमच्या आधीच तिथे पोहोचला होता. धिप्पाड, अबोल माणूस. सापळा कुठून दाबायचा तेच मी शोधत होतो, तोवर त्याने दोन्ही पाट्यांवर दोन पाय दिले आणि एका दमात जबडा उघडला. काय कसब आहे माणसाच्या अंगात! मी त्याला तसं म्हणालोही. तो काही बोलला नाही. विनयी आहे.

जखम हाडापर्यंत. हाड मोडलेलं नाही असं वाटतं, पण शिरेला किती इजा झाली ते कळत नाही. लाल औषधाच्या पाण्याने धुतलं, टाके घातले, दोन इंजेक्शनं दिली, बांबूच्या कामट्या बांधल्या. अक्काने हौशाचं तोंड छातीशी धरलं होतं. मग विचारलं, पाय टेकेल का? मी म्हणालो, महिनाभरात टेकला तर टेकला.

नाही टेकला तर दोंडाईच्याचा बाजार. लंगडा बैल बाजारात कोण घेतं ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. आणि जोडीतल्या एकट्या लाल्याला जुंपून रब्बीची पेरणी होत नाही.

सापळा कुणाचा, हे मात्र कुणीच सांगेना. गावात दहा-बारा जणांकडे आहेत. माझ्या मते हे अभिमन नानांचं काम. सर्वांत जास्त मका त्यांचा, सर्वांत जास्त सापळे त्यांचे आणि सर्वांत मोठा आवाजही त्यांचाच.

१८ ऑगस्ट

पट्टी बदलायला गेलो. हिलालभाऊ गोठ्याच्या दारात हिरव्या चाऱ्याचा भारा ठेवून निघाला होता. मला पाहून थांबला. "डागदर भाऊ, बईल जगी ना? पाय टेकी ना?" त्याचे डोळे लाल झालेले. शेजाऱ्याच्या बैलासाठी झोप न येणारी माणसं अजून आहेत जगात! मला फार बरं वाटलं.

अक्काला म्हणालो, शेजारी असावा तर असा. ती शेण भरत होती, मान वर न करता म्हणाली, "येवाले लागना ते येऊ दे."

बायकांना कौतुक करता येत नाही.

संध्याकाळी चिंधा लोहाराकडे गेलो. गावातले सगळे सापळे त्याच्याच भट्टीतले. सापळा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, हा कुणासाठी केलास? त्याने उलटापालटा करून पाहिला, पुन्हा पाहिला. "लोखंड ते लोखंड शे भाऊ. त्यावर नाव नही ऱ्हास." मग हळूच म्हणाला, बैल कसा आहे? मी म्हणालो, बैलाचं सोड, नाव सांग. तो भाता ओढायला लागला. अभिमन नानांचं मिंधेपण, दुसरं काय.

तलाठ्याला विचारलं. शाळेच्या गुरुजींना विचारलं. पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळं गाव मुकं झालंय.

२० ऑगस्ट, रविवार

आज खास ग्रामसभा बोलावली, माझ्याच हट्टापायी. मी उभा राहून सांगितलं की रानडुक्कर धरायचं तर जंगल खात्याची परवानगी लागते, आणि हा असला सापळा तर जनावर मारतही नाही, सडवतो. गेल्या हिवाळ्यात नाल्यात एक कोल्हा मिळाला होता मला. सापळ्यातून सुटण्यासाठी त्याने स्वतःचा पाय चावून तोडला होता. बायकांच्या बाजूने "अरे माय वं" असं ऐकू आलं.

अभिमन नाना उठले. साठीचे, पांढरी टोपी, बोलताना बोट नाचवतात. "कायदा डुकरेसले वाची दखाडा, डागदर!" सगळे हसले. पण नाना हसत नव्हते. म्हणाले, रोज मक्याच्या तीन-तीन ओळी आडव्या होतात. मागच्या साली माझ्या सालदाराची मांडी डुकराने फाडली, तेव्हा शहरातून कुणी आलं होतं का कळवळायला? "ढोरना जीव तो जीव, आमना जीव काय भुईमूगना दाना शे?"

खरं लिहायचं तर, मुद्दा बिनतोड होता. त्यामुळे जास्तच राग आला.

मग मीच तोड काढली. सापळे नकोतच, पण गाव ऐकणार नसेल तर निदान प्रत्येक सापळ्याशेजारी काठी रोवून लाल फडकं बांधा, म्हणजे माणूस आणि गुराखी दुरूनच ओळखेल. नाना म्हणाले, हे चालेल. सगळे म्हणाले, चालेल. हिलालभाऊ मागे भिंतीला टेकून बसला होता, त्याने हात वर केला नाही, खाली पाहत होता, बहुतेक डोळा लागला असेल.

ग्रामसेवकाने ठराव लिहिला. माझं नाव सूचक म्हणून घातलंय.

२१ ऑगस्ट

शिवारात नऊ लाल फडकी मोजली. लांबून फार छान दिसतात. पाचोऱ्याला आईला पत्र टाकलं की तुझ्या लेकाने गावाला वळण लावलं.

हौशा पाय उचलूनच धरतो. आज जखमेला थोडा वास येतोय.

२४ ऑगस्ट, गुरुवार

शिंदखेड्याहून आमचे डॉक्टर साहेब आले. पट्टी सोडून पाहिली, हौशाच्या खुरावर बोटाने टकटक केली. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "पोरा, टाके बरे घातलेस. पण शीर गेलीय असं वाटतं. बाईला सांग, आता बाजार दाखवला तर काहीतरी हातात येईल. पुढच्या महिन्यात तेही नाही."

मी अक्काला हे सांगितलं नाही. साहेब म्हणाले चांगलं आहे, असं सांगितलं. खोटं बोललो. रात्री जेवण गेलं नाही. वास येणारी जखम मी रोज दोनदा धुतो, त्यापलीकडे मला काही येत नाही. शिकताना या धड्याच्या वेळी मी सायकल दुरुस्तीला गेलो होतो, तेव्हापासूनचं पाप आता भोवतंय.

हिलालभाऊ रोज येतो. आज चाऱ्याबरोबर गुळाचा खडा आणि हळद आणली होती. अक्काने बसायला सांगितलं, चहा घे म्हणाली, तर "वावरमा काम शे" म्हणून उलट पावली गेला. एवढं करूनही उपकार दाखवत नाही. अभिमन नाना मात्र एकदाही फिरकले नाहीत. चोराच्या मनात चांदणं!

२६ ऑगस्ट, शनिवार

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

भिकुबाई म्हणून पंचाहत्तरीची म्हातारी आहे, कमरेत वाकलेली, डोळ्याला कमी दिसतं. सकाळी ती दवाखान्यासमोरून नारळ, हळदकुंकू आणि उदबत्त्या घेऊन निघाली. मी विचारलं, आज कुठे? म्हणाली, नाल्याकाठी नवा म्हसोबा निघालाय, जागृत आहे, सगळ्या बाया जाऊन आल्या.

मला वाटलं असेल बुवा. इंजेक्शनची सुई उकळायला ठेवली. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. नाल्याकाठी अभिमन नानांचा मका! बांधावर काठी, काठीला लाल फडकं!

असा पळालो की एक चप्पल वाटेतच राहिली. पोहोचलो तेव्हा पाहतो तो काय, माझ्या काठीच्या बुडाशी तीन गोल दगड मांडलेले, दगडांना शेंदूर, फुलं, उदबत्तीच्या काड्या. गावातल्या बायांना लाल फडकं म्हणजे देवाचं ठाणं, एवढी साधी गोष्ट मला कळू नये! जिथून लांब राहा म्हणून सांगायचं, तिथेच मी सगळं गाव हात जोडायला बोलावलं होतं.

भिकुबाई वाकलेली होती. मी ओरडलो, पण तिला कमी ऐकूही येतं. तिने नारळ दगडावर आपटला, तो निसटून गवतात घरंगळला आणि खाडकन आवाज झाला. सापळ्याचे दात नारळात. करवंटी फुटून पाणी उडालं, तिच्या लुगड्यावर, तिच्या हातावर. हात दातांपासून वीतभर दूर होता.

ती घाबरली का? छे! दोन्ही हात जोडून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. "देखं का भाऊ? देवनी मना हातमातून नारय लिधं नं फोडीबी टाकं!"

मी तिथेच मातीत बसलो. तिने मला त्या नारळाचा प्रसाद दिला. मी खाल्ला.

दुपारी स्वतः फिरून नऊच्या नऊ फडकी उपटली. तीन ठिकाणी शेंदूर होता. एका ठिकाणी तर नवस बोलल्याची हिरवी बांगडीही बांधली होती. आईला लिहिलेलं पत्र परत मागवता आलं असतं तर!

२९ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, माझ्या लाजेसकट.

पुन्हा ग्रामसभा. भिकुबाईच्या नारळाची करवंटी मी टेबलावर ठेवली, दातांच्या खुणा दिसतील अशी. म्हणालो, लाल फडक्याची अक्कल माझी होती आणि ती चुकली. आज हा नारळ आहे, उद्या मनगट असेल. दाताचा सापळा शिवारात नकोच. डुकरांचं काय, तर पूर्वी इथे पाळीने जागल होती, घरटी एक माणूस, डबे बडवायचे, शेकोट्या पेटवायच्या. सापळे आले आणि सगळे घरी झोपायला लागले.

नाना म्हणाले, जागल करायला तू येशील का? मी म्हणालो, येईन. म्हणाले, एक रात्र येशील, मग बदली करून पाचोऱ्याला पळशील. पुन्हा सगळे हसले.

आणि माझा तोल गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. भर सभेत नानांकडे बोट करून म्हणालो, "तुम्हाला सापळे हवेतच, कारण हौशाचा पाय तुमच्याच सापळ्याने गेलाय. कबूल करायची हिंमत नाही तुमच्यात!"

नाना पांढरेफटक पडले. त्यांनी टोपी काढली आणि माझ्यासमोर धरली. ओठ हलत होते पण आवाज येईना. एवढा बोलणारा माणूस! शेवटी घरच्या देवीची शपथ घेत म्हणाले, "कानबाईनी आण. मना नही."

मी अजून काहीतरी बोलणार होतो, देवाने वाचवलं. मागून हिलालभाऊ उठला.

"नाना नही. तो सापळा मना व्हता."

मला वाटलं, बिचारा भांडण मिटवायला आळ अंगावर घेतोय! खरंच, त्या क्षणीही मला तेच वाटलं. किती शहाणा आहे मी.

तो उभाच होता, भिंत धरून. "मी लायेल व्हता. डुकरंसाठे. सकायमा मिटाना व्हता, इसरी गऊ." सकाळी सापळा मिटवायला विसरला. आठवण झाली तेव्हा पळत आला, तोवर हौशा अडकला होता. "बारा दिन व्हयनात. रोज चारा लई जास. अक्का 'ठेव तठे' म्हनस. गाळी देती ते बरं व्हतं. मले तेच सहन व्हत नही." एवढं बोलला आणि तो डोंगराएवढा माणूस ढसाढसा रडायला लागला, सगळ्यांसमोर.

चारा, लाल डोळे, दोन पायांनी उघडलेला जबडा. सगळं माझ्याच हाताने या वहीत लिहिलंय! आत्ता मागची पानं चाळली आणि कान तापले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

सगळे अक्काकडे पाहायला लागले. ती बायकांमध्ये बसली होती, पदर सावरत उठली. "व्हयनं ना आते? बस खाले, हिलाल." मग ग्रामसेवकाकडे वळून म्हणाली, "तू काय देखी ऱ्हायना? ठराव लिख."

मी नानांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला मध्येच धरलं, जरा जोरातच, दंड दुखतोय अजून. "माफी राहू दे. जागलीची पहिली पाळी तुझी, माझ्या मक्यात," म्हणाले. सूड आहे, पण गोड आहे.

ठराव झाला : दाताचा सापळा गावच्या शिवारात कुणीही लावू नये. बत्तीस हात वर, चार खाली. चिंधा लोहार हात वर करून म्हणाला की आणलेल्या सापळ्यांचे विळे-कोयते करून देतो, फुकटात.

३० ऑगस्ट

चिंधाच्या भट्टीसमोर सात सापळे येऊन पडले. सर्वांत आधी हिलालभाऊचा. नानांनी दोन आणले, तिसरा घरी ठेवलाय अशी मला शंका आहे. पण आता शंका मनातच ठेवणार आहे.

हौशाच्या जखमेचा वास गेला. मला वाटतंय असं, की खरंच गेला? चार वेळा वाकून पाहिलं. शेवटी अक्का म्हणाली, बैलाचा पाय हुंगत बसलेला माणूस पहिल्यांदाच पाहतेय.

३१ ऑगस्ट, पोळा

गावचे सगळे बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीकडे निघाले. लाल्याही नटून गेला, हिलालभाऊने नेला. हौशाची पूजा गोठ्यातच. अक्काने त्याचे पाय धुतले, तीन पाय हळदीच्या पाण्याने आणि चौथा पट्टीवरूनच. पुरणपोळी तोंडापुढे धरली. त्याने जरा लांब धरलेली पोळी घ्यायला मान पुढे केली, अंग पुढे झुकलं आणि उजवं खूर जमिनीला लागलं.

नुसतं टोक. क्षणभर. पण लागलं!

मी ओरडलो. अक्काने पोळी आणखी वीतभर मागे घेतली. पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, पुरे, छळू नकोस त्याला, तर म्हणते, "तू गप्प ऱ्हाय."

आम्ही दोघंही रडत होतो आणि बैल पोळी खात होता.

१९ सप्टेंबर

कामट्या काढल्या. चालतो. लंगडतो, पण चालतो. साहेबांना कळवलं. "शाबास" असं एका शब्दाचं उत्तर आलं, ते या वहीत चिकटवलंय.

जागलीच्या माझ्या सहा पाळ्या झाल्या. डुकरं येतात, नाही कशाला म्हणू. नानांच्या दोन ओळी परवा गेल्याच. पण दहाजण मिळून डबे बडवतो तेव्हा मागेही फिरतात. नाना मक्याची कणसं भाजून देतात आणि वर मीठ चोळताना मला टोमणे मारतात.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज अक्काने हौशाला पहिल्यांदा जू दिलं. मी सुटीचा दिवस असून बांधावर जाऊन बसलो. हलकंच वखर, भुसभुशीत जमीन, हरभऱ्यासाठी. लाल्या चार पावलं पुढे ओढायचा, हौशा एक झटका खाऊन त्याला गाठायचा. दोन तास झाले आणि तिने जू सोडलं. उद्या अडीच तास, म्हणाली. हिशेब तिचा पक्का आहे. आता पेरणी होणार.

पाणी प्यायला ती बांधावर आली. पलीकडच्या वावरात हिलालभाऊ भुईमूग उपटत होता. सहज मनात आलं म्हणून विचारलं, "अक्का, त्या दिवशी सभेत हिलालभाऊने सांगितलं तेव्हा तुला धक्का बसला असेल."

"कसाना धक्का? मले पयला दिनपाईन माहित व्हतं."

पहिल्या दिवसापासून?

"शेजारनं वावर शे. मले माहित नही व्हई का?" तिने तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं. "नाव लिधं असतं ते भांडन व्हतं. भांडन दोन पिढ्या चालस. बईलले चारा ते रोज सकायमा लागस."

मग मला नानांची टोपी आठवली आणि बाराही दिवस आठवले. म्हणालो, "अगं, मग मला तरी सांगायचंस! मी लोहाराला विचारलं, तलाठ्याला विचारलं, गुरुजींना, पारावरच्या म्हाताऱ्यांना. भर सभेत त्या माणसाची अब्रू काढली मी!"

ती हसली. दात नसलेल्या बाजूने, पदर तोंडाशी धरून.

"तू बठ्ठा गावले इचारं रे भाऊ. मले इचारं का?"

आणि वखर उचलून गेली. बैल तिचा, पाय तिच्या बैलाचा, वावर तिचं. रोज दोनदा तिच्या गोठ्यात जात होतो, दोनदा! तिला विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.